सरपटणारे प्राणी, त्यांचे परजीवी आणि सस्तन प्राण्यांना होणारे रोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कासव-सरडे पाळणारे, साप पकडून सोडणारे, पशुवैद्यक आणि मांजराने पाल खाल्ली म्हणून धास्तावलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे घेतले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोगसाठा म्हणजे काय? ज्या प्राण्यात परजीवी सापडला तो रोगसाठाच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एखादा प्राणी रोगसाठा ठरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. परजीवी त्या प्राण्यांच्या समूहात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला पाहिजे. त्याला तिथून बाहेर पडायला विष्ठा, मांस किंवा रक्त पिणारा कीटक असा काही मार्ग हवा. आणि त्या मार्गाने तो खरोखर दुसऱ्या प्राण्यात पोचून तिथे रोग व्हायला हवा. यातली एक जरी गोष्ट नसली तरी तो प्राणी फक्त ‘बाधित’ असतो.

पुढच्या उत्तरांत तीन शब्द येतील. ज्याच्या अंगात परजीवी प्रौढ होऊन अंडी घालतो तो अंतिम यजमान. ज्याच्या अंगात अळी वाढीचा एखादा टप्पा पुरा करते तो मध्यस्थ यजमान. आणि ज्याच्या अंगात अळी वाढत नाही, नुसती जिवंत राहून पुढच्या शिकाऱ्याची वाट पाहते, तो वाहक यजमान. सरपटणारे प्राणी या तिन्ही भूमिकांत दिसतात. भूमिका बदलली की धोक्याचा मार्ग बदलतो आणि बचावाचा उपायही बदलतो.

२. त्यांचे बहुतेक परजीवी माणसाला होतच नाहीत, असं का?

पहिलं कारण तापमान. सरीसृपांच्या, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, शरीराचं तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलतं, आपलं ३७ अंशांच्या आसपास स्थिर असतं. एंटअमीबा इनव्हेडन्स हा अमीबा साप-सरड्यांचा जीव घेतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो माणसाच्या आमांशाच्या अमीबासारखाच दिसतो, पण सस्तन प्राण्याच्या शरीराची ऊब त्याला मानवत नाही. दुसरं कारण म्हणजे यजमानाची निवड. कासवांच्या आतड्यात हजारोंनी राहणारे सूतकृमी माणसाच्या आतड्यात घर करत नाहीत. तिसरं कारण वाहक कीटक: त्यांचं रक्त पिणारे कीटक आणि आपल्याला चावणारे कीटक बऱ्याच प्रमाणात वेगळे आहेत. सरड्यांच्या मलेरियाच्या अनेक जाती माहीत आहेत, पण त्यांतली एकही माणसाला होत नाही.

अपवाद मात्र आहेत, आणि या पानाचा मोठा भाग त्यांच्यावरच आहे.

३. पाळलेल्या कासवामुळे किंवा सरड्यामुळे मुलांना जंत होतात का?

कासवाच्या विष्ठेत सूतकृमी किंवा त्यांची अंडी दिसली म्हणून मुलाला जंताचं औषध देण्याचं कारण नाही. मुलांना होणारे सूतकृमी वेगळ्या जातीचे असतात आणि ते माणसाकडून माणसाकडेच जातात.

धोका आहे तो साल्मोनेलाचा. तो जिवाणू आहे, परजीवी प्राणी नव्हे, तरी इथे सांगायलाच हवा. पाळीव सरीसृपांकडून माणसाला होणाऱ्या संसर्गांत त्याच्याइतकी चिंता दुसऱ्या कशाचीच नाही. ठणठणीत दिसणारं कासवही तो अधूनमधून विष्ठेतून टाकत राहतं, त्यामुळे एक तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला म्हणून विकण्यावर बंदी आहे. एवढी छोटी कासवं मुलं सरळ तोंडात घालतात, हे त्यामागचं कारण. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं घरात असतील तर सरीसृप न पाळणंच बरं.

पाळलेच असतील तर हात लावल्यावर साबणाने निदान २० सेकंद हात धुवा. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतू नका. प्राण्याला ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर फिरू देऊ नका.

४. दुधात किंवा भाजीत पाल पडली तर?

घरातल्या पाली विषारी नसतात. असं अन्न खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले, तर बहुतेक वेळा पालीच्या विष्ठेतले जिवाणू कारण असतात (प्रश्न ३). अन्न टाकून द्या आणि भांडं गरम पाणी व साबणाने घासून घ्या. चुकून खाल्लं गेलं असेल तर मुद्दाम उलटी काढू नका. ताप, रक्तमिश्रित जुलाब किंवा लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर दवाखाना गाठा.

५. मग खरोखर सस्तन प्राण्यांपर्यंत पोचणारे परजीवी कोणते?

मार्गानुसार पाहिलं की चित्र लवकर स्पष्ट होतं. कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसातून ट्रायकिनेला हा स्नायूंतला गोलकृमी (प्रश्न ७), स्पार्गॅनम आणि त्याच्यासारख्या अळ्या (प्रश्न ८). सापाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा पाल्यातून जिभकृमी (प्रश्न ६), सार्कोसिस्टिस (प्रश्न १०) आणि अजगराचा गोलकृमी (प्रश्न ११). रक्त पिणाऱ्या कीटकांतून लेशमानिया व ट्रायपॅनोसोम हे एकपेशीय परजीवी, आणि गोचिडींतून पसरणारे रोग (प्रश्न १२ ते १४). या शेवटच्या गटात सरीसृपांवर आरोप सर्वांत जास्त आणि पुरावा सर्वांत कमी.

६. जिभकृमी म्हणजे काय? सापाच्या फुप्फुसातला किडा माणसाच्या पोटात कसा जातो?

नावात कृमी असला तरी हा कृमी नव्हे. पेंटास्टोमिडा हा कवचधारी प्राण्यांचा, म्हणजे खेकडे-कोळंबीच्या कुळातला गट आहे, आणि माशांच्या अंगावरच्या उवा हे त्याचे जवळचे नातेवाईक. आफ्रिकेतल्या अजगरांच्या आणि जाड्या घोणसांच्या फुप्फुसात आर्मिलिफर आर्मिलाटस राहतो. मादी बोटभर लांब असते आणि तिच्या अंगावर कड्या कड्या दिसतात. आशियाई अजगरांत आर्मिलिफर मोनिलिफॉर्मिस ही जात आढळते.

अंडी सापाच्या फुप्फुसातून घशात येतात आणि तिथून लाळेत किंवा गिळली जाऊन विष्ठेत उतरतात. निसर्गात ती उंदीर-घुशींसारखे छोटे सस्तन प्राणी गिळतात. अळ्या त्यांच्या पोटातल्या अवयवांत गुंडाळून बसतात आणि साप त्यांना खाईपर्यंत वाट पाहतात. माणसाच्या पोटात अंडं गेलं तर तोही असाच मध्यस्थ यजमान होतो, पण त्याला साप खात नसल्याने परजीवीची वाट तिथेच संपते.

बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी पोटाचा एक्स-रे काढला जातो आणि त्यात काही मिलिमीटरच्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या खुणा विखुरलेल्या दिसतात. मेलेल्या अळ्यांवर चुना साचून त्या तशा झालेल्या असतात. अळ्या खूप असल्या किंवा एखादी डोळ्यात गेली तर मात्र प्रकरण गंभीर होतं.

दूषित पाण्या-पाल्याखेरीज हा संसर्ग होतो तो सापाचं मांस कापताना, फुप्फुसं आणि घसा हाताळताना आणि तेच हात, सुरी किंवा पाटा दुसऱ्या अन्नाला लागल्यामुळे. मांस नीट शिजलं तरी शेजारी ठेवलेली कोथिंबीर दूषित झालेली असू शकते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

७. मगरीच्या किंवा कासवाच्या मांसातून ट्रायकिनेला होतो, हे खरं आहे?

हो. हा रोग डुकराच्या मांसाचा म्हणून ओळखला जातो आणि बराच काळ तो फक्त उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा समजला जाई. १९९५ मध्ये झिम्बाब्वेतल्या मगरपालन केंद्रांतल्या नाईल मगरींत त्याच्या अळ्या सापडल्या, आणि २००२ मध्ये त्या जातीला ट्रायकिनेला झिम्बाब्वेन्सिस असं नाव मिळालं. कापलेल्या मगरींचं टाकाऊ मांस जिवंत मगरींनाच खायला घालण्याच्या पद्धतीमुळे संसर्ग केंद्रांत फिरत राहिला. नंतर तो जंगली मगरींत आणि आफ्रिकेतल्या घोरपडींतही मिळाला.

त्याची भावंड-जात ट्रायकिनेला पापुए. ती पापुआ न्यू गिनीत डुकरांत आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींत आढळते. २००८ मध्ये तैवानमध्ये मऊ पाठीचं कासव कच्चं खाल्लेल्या लोकांना ट्रायकिनेलाचा आजार झाला, तेव्हा याच जातीकडे बोट दाखवणारा पुरावा मिळाला. म्हणजे इथे प्रश्न १ मधल्या तिन्ही अटी पुऱ्या होतात.

मांस तपासणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. डुकरातल्या नेहमीच्या जातीभोवती स्नायूत कवच तयार होतं, त्यामुळे दोन काचांत मांस दाबून पाहिलं की ती ओळखू येते. या दोन्ही जातींना कवच नसतं. स्नायूच्या धाग्यांत मोकळी पडलेली अळी त्या पद्धतीत सहज निसटते. म्हणून मांस पचवूनच पाहावं लागतं: १०० ग्रॅम बारीक केलेलं मांस, सुमारे २ लिटर कोमट पाणी, १६ मिलिलिटर २५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १० ग्रॅम पेप्सिन. हे मिश्रण ४४ ते ४६ अंशांवर अर्धा तास ढवळत ठेवायचं, १८० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचं, खाली बसू द्यायचं आणि तळाचा गाळ पाहायचा. पाणी जास्त तापलं तर पेप्सिन निकामी होतं, मांस पचत नाही आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो.

८. सापाचं कच्चं रक्त, पित्त किंवा घोरपडीचं मांस औषधी म्हणून घेतलं तर काय होऊ शकतं?

औषध म्हणून घेतलेल्या या गोष्टींमुळे माणसं अपंग झाली आहेत, म्हणून इथे आडपडदा नको.

स्पायरोमेट्रा हा कुत्र्या-मांजरांच्या आतड्यातला पट्टकृमी. त्याची पहिली अळी पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांत वाढते, दुसरी बेडकांत आणि सापांत. सापाची कातडी सोलली की तिच्याखाली किंवा स्नायूंत पांढरी, सुरकुतलेली, चपट्या दोऱ्यासारखी अळी वळवळताना दिसते. तिलाच स्पार्गॅनम म्हणतात. कच्चं मांस खाल्लं, किंवा डोळ्यावर-जखमेवर कच्चं मांस बांधलं, तर ती माणसाच्या शरीरात शिरते आणि कातडीखाली, डोळ्यात, कधी मेंदूत फिरत राहते. गाठ आज इथे तर महिन्याने दुसरीकडे, ही तिची खूण. लक्षणं दिसायला महिने, कधी वर्षं लागतात. गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते आणि अळीचं डोकं आत राहिलं तर ती पुन्हा वाढते.

घोरपडीची गोष्ट वेगळी. उंदरांच्या फुप्फुसातल्या अँजिओस्ट्राँगायलस या कृमीच्या अळ्या गोगलगायींत वाढतात. घोरपड गोगलगायी खाते आणि अळ्या तिच्या अंगात तशाच जिवंत राहतात, म्हणजे ती वाहक यजमान. तिचं मांस किंवा यकृत कच्चं खाल्ल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत प्रचंड डोकेदुखी, मान ताठ होणं, कातडीला मुंग्या किंवा नुसत्या स्पर्शानेही वेदना, अशी मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची लक्षणं दिसतात. थायलंड आणि श्रीलंकेत असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

सापांत याशिवाय नॅथोस्टोमाच्या आणि मेसोसेस्टॉइडिसच्या अळ्याही असू शकतात. पहिली कातडीखाली फिरते, दुसरी माणसाच्या आतड्यात जाऊन पट्टकृमी होते.

९. किती शिजवलं की पुरे? फ्रीजर, मीठ, धूर, दारू यांनी काम भागतं का?

सर्वांत जाड भागाच्या मध्यात किमान ७१ अंश तापमान पोचलं पाहिजे. ते थर्मामीटर टोचूनच कळतं, रंगावरून नाही. हाडाजवळ मांस गुलाबी असेल तर शिजवणं चालू ठेवा. खारवणं, वाळवणं आणि धुरी देणं यांवर विसंबू नका, कारण मीठ आतपर्यंत सगळीकडे सारखं मुरत नाही. दारूत बुडवलेल्या सापाच्या रक्ताने किंवा पित्ताने अळ्या मरतात हा समज बिनबुडाचा आहे. घरच्या फ्रीजरचं तापमान वरखाली होतं आणि मोठा तुकडा आतून गोठायला फार वेळ लागतो, म्हणून फ्रीजरला शिजवण्याचा पर्याय मानू नये. कापायची सुरी आणि पाटा वेगळे ठेवा. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

१०. सापाच्या विष्ठेमुळे स्नायूदुखीची साथ आली होती म्हणतात. तो काय प्रकार?

सार्कोसिस्टिस नेस्बिट्टी. हा एकपेशीय परजीवी सापाच्या आतड्यात प्रौढ होतो आणि विष्ठेतून त्याची बीजं बाहेर पडतात. पाण्यातून किंवा अन्नातून ती सस्तन प्राण्याच्या पोटात गेली की स्नायूंत शिरतात. मलेशियात २०१२ मध्ये पांगकोर बेटावर गेलेल्या महाविद्यालयीन गटातले ९२ पैकी ८९ जण आजारी पडले. त्याच सुमारास तिओमान बेटावरून परतलेल्या अनेक पर्यटकांनाही ताप आणि तीव्र स्नायूदुखी झाली. काहींना ताप उतरून पुन्हा चढला आणि दुसऱ्या फेरीत स्नायू, कधी चेहऱ्याचेही, सुजले.

साप हा इथे अंतिम यजमान असल्याचा निष्कर्ष परजीवीच्या जनुकीय नात्यावरून आणि सापांच्या विष्ठेत सापडलेल्या डीएनएवरून काढलेला आहे. आजाऱ्याकडून दुसऱ्याला लागण होत नाही. सापांचा वावर असलेल्या भागात उघड्या टाकीतलं पाणी उकळून प्यावं. साप हाताळण्याशी या रोगाचा थेट संबंध नाही.

याच कुळातली सार्कोसिस्टिस सिंगापोरेन्सिस ही जात अजगर आणि उंदीर यांच्यात फिरते. उंदरांना ती इतकी मारक ठरते की उंदीर नियंत्रणासाठी तिचे प्रयोग झाले आहेत.

११. बाईच्या मेंदूतून अजगराचा जिवंत कृमी काढला, ही बातमी खरी होती?

खरी होती. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या ६४ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतून २०२२ मध्ये सुमारे ८ सेंटीमीटर लांबीचा जिवंत, लालसर गोलकृमी काढला गेला. तो ऑफिडास्कॅरिस रॉबर्ट्सी, तिकडच्या कार्पेट अजगराच्या अन्ननलिकेत आणि पोटात राहणारा. माणसात त्याची ही पहिलीच नोंद, आणि ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बाई तळ्याकाठची रानभाजी तोडून आणत. अजगराच्या विष्ठेतली अंडी त्या पाल्यावाटे पोटात गेली असावीत असा डॉक्टरांचा कयास होता. त्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली होती, हेही ध्यानात ठेवावं. निसर्गात या अळ्या छोट्या सस्तन प्राण्यांत राहतात. रानभाजी वाहत्या पाण्याखाली पान पान चोळून धुवा आणि शिजवून खा.

१२. पाली-सरड्यांत लेशमानिया असतो. मग काळा आजार त्यांच्यामुळे पसरतो का?

काळा आजार लेशमानियामुळेच होतो, आणि हा संशय जुना आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अल्जिरियात सर्जंट बंधू या संशोधकांच्या गटाला त्वचेच्या लेशमानियाच्या बाबतीत भिंतीवरच्या पालींवर शंका आली होती. त्या पालींतल्या परजीवीला वेन्यन या संशोधकाने १९२१ मध्ये लेशमानिया टॅरेन्टोली हे नाव दिलं. पुढे सरीसृपांतल्या अशा जातींसाठी सॉरोलेशमानिया हा वेगळा उपगट केला गेला.

या जाती माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत, आणि त्यातला एक धागा लेशमानिया पसरवणाऱ्या वाळूमाशीच्या पोटात सापडतो. सस्तन प्राण्यांतला लेशमानिया माशीच्या आतड्यात पुढच्या बाजूला, सोंडेकडे सरकतो आणि चाव्यावाटे पुढे जातो. सरीसृपांतले अनेक लेशमानिया मागच्या आतड्यातच राहतात. पालीने ती माशीच खाऊन टाकली की त्यांचा प्रवास पुरा होतो. शिवाय पालींचं रक्त पिणाऱ्या सर्जेंटोमाया माश्या आणि माणसाला चावणाऱ्या फ्लेबोटोमस माश्या बऱ्याच प्रमाणात वेगळ्या आहेत. टॅरेन्टोली इतका निरुपद्रवी मानला जातो की प्रयोगशाळांत त्याच्याकडून प्रथिनं तयार करून घेतात आणि लशीसाठीही तो आजमावला गेला आहे.

अपवाद दोन. लेशमानिया अ‍ॅडलेराय ही सरड्यातली जात माणसात अल्पकाळ जिवंत राहू शकते, असं १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. आणि अलीकडे चीनच्या वायव्य भागातल्या व इटलीतल्या साप-सरड्यांत सस्तन प्राण्यांच्या लेशमानियाचा डीएनए मिळाला आहे. याची दखल घ्यायलाच हवी. पण डीएनए म्हणजे जिवंत परजीवी नव्हे, आणि जिवंत परजीवी मिळाला तरी त्या सरड्यावरून माशीला लागण होते हे दाखवावं लागतं. तोवर लेशमानियाच्या डोनोवानी जातीसाठी माणूस, इन्फँटम जातीसाठी कुत्रा आणि मेजर जातीसाठी वाळवंटी उंदीर हेच मुख्य साठे धरून काम करावं. फवारणी आणि मच्छरदाणीचा पैसा पाली मारण्यात घालवू नये.

१३. निद्रारोग आणि चागास रोगाचं काय?

दोन्ही रोग ट्रायपॅनोसोमांमुळे होतात. आफ्रिकेत निद्रारोग पसरवणाऱ्या त्से-त्से माशीच्या काही जाती मगरी आणि घोरपडींचं रक्त आवडीने पितात. मगरींत ट्रायपॅनोसोमा ग्रेयी ही त्यांची स्वतःची जात असते, ती सस्तन प्राण्यांना होत नाही. केनियातल्या निद्रारोगाच्या पट्ट्यात मात्र एका घोरपडीतून निद्रारोगाचा ट्रायपॅनोसोमा ब्रुसाय वेगळा केल्याची नोंद १९९९ मध्ये झाली, म्हणजे दार पूर्ण बंद नाही. तरी तिथे गुरं आणि वन्य खुरी प्राण्यांचं पारडं फार जड आहे. चागास रोगाच्या ट्रायपॅनोसोमा क्रुझीला सरीसृप दाद देत नाहीत असं पूर्वी मानत, पण चिलीतल्या जंगली सरड्यांतल्या अलीकडच्या नोंदींनी त्या समजाला धक्का दिला आहे.

१४. सरड्यांवरच्या गोचिडी माणसाला किंवा गुरांना रोग देतात का?

देऊ शकतात, पण उलटही घडतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुंपण-सरड्याच्या रक्तातली प्रथिनं गोचिडींतून पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूला मारतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. मग सरडे काढून टाकले तर रोग वाढायला हवा ना? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तसं झालं नाही. सरडे हटवल्यावर बहुतेक गोचीड-पिल्लांना दुसरा यजमान मिळाला नाही आणि बाधित गोचिडींची संख्या घटली. युरोपातल्या बोरेलिया लुसिटानिया या त्याच कुळातल्या जिवाणूचे यजमान तर सरडेच आहेत. म्हणून ‘सरडे रोग वाढवतात’ आणि ‘सरडे रोग थोपवतात’ ही दोन्ही वाक्यं जागेचं नाव घेतल्याशिवाय बोलू नयेत.

पाळीव प्राण्यांच्या व्यापारातला धोका वेगळा. झांबियातून फ्लोरिडात आणलेल्या बिबट्या कासवांवरच्या गोचिडींत गुरा-मेंढ्यांच्या हार्टवॉटर रोगाचा जिवाणू मिळाला. मार्च २००० मध्ये अमेरिकेने त्या कासवांच्या आयातीवर बंदी आणली.

गोचीड काढताना टोकदार चिमटा तिच्या तोंडापाशी, खवल्याच्या कडेखाली घालून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी यांतलं काही लावू नका. काढलेली गोचीड ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे ओळखता येईल. कासवाच्या मांडीच्या आणि मानेच्या घड्या तपासायला विसरू नका.

१५. सापाच्या विष्ठेत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. घरातल्यांना धोका?

क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटा-आतड्यातला एकपेशीय परजीवी. आधी जात कोणती ते विचारा. सापाच्या जठरातला क्रि. सर्पेंटिस आणि पाली-सरड्यांच्या आतड्यातला क्रि. व्हॅरानाय हे माणसाचे रोगजंतू म्हणून ओळखले जात नाहीत. पण सापाला उंदीर खाऊ घातला असेल तर उंदरातल्या क्रिप्टोस्पोरिडियमची बीजं सापाच्या आतड्यातून न पचता तशीच बाहेर येतात. रंगवलेल्या काचपट्टीवर ती सगळी सारखीच दिसतात, म्हणून पीसीआर ही डीएनए चाचणी करून जात ठरवावी लागते. याच कारणाने सापाच्या विष्ठेत उंदराच्या पट्टकृमीची अंडी आणि उंदराच्या केसांवरचे माइट्सही दिसतात. त्यासाठी सापाला औषध देण्यात अर्थ नाही. शक्य तर शेवटच्या जेवणानंतरची दुसरी-तिसरी विष्ठा तपासायला द्या.

साफसफाईत ब्लीच या बीजांवर चालत नाही. आधी विष्ठा खरवडून काढा, मग वाफ किंवा उकळतं पाणी वापरा आणि भांडी कडक उन्हात पूर्ण वाळवा. अमोनिया वापरायचा असेल तर त्याच जागी ब्लीच अजिबात नको, दोन्हींच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो.

१६. मांजराने पाल खाल्ली. कुत्र्याने साप खाल्ला. काय करू?

एका पालीने लगेच काही होत नाही. पण उष्ण प्रदेशांत पाली-सरडे सतत खाणाऱ्या मांजरांना प्लॅटिनोसोमम नावाचा यकृतकृमी होतो. गोगलगाय, मग लाकूडकिडा, मग पाल असा प्रवास करून तो मांजराच्या पित्तनलिकांत पोचतो. थोड्या कृमींनी लक्षणं येत नाहीत. जास्त झाले की भूक मंदावते, वजन उतरतं, उलट्या होतात आणि हिरड्या, डोळे, कानाची आतली बाजू पिवळी पडते. नेहमीच्या तरंगत्या चाचणीत त्याची जड अंडी वर येत नाहीत, म्हणून विष्ठा ‘गाळ बसवून’ तपासा, असं पशुवैद्यांना स्पष्ट सांगा. प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक लागतं, पण पट्टकृमीला देतात त्याच्या कितीतरी पट मात्रेत आणि सलग काही दिवस. दुकानातली एक गोळी पुरत नाही.

साप खाणाऱ्या कुत्र्या-मांजरांना स्पायरोमेट्रा होतो. ते त्याचे अंतिम यजमान असल्याने त्यांच्या विष्ठेतून अंडी पाण्यात जातात आणि चक्र चालू राहतं. मेसोसेस्टॉइडिस कुत्र्याच्या पोटाच्या पोकळीत शिरला तर पोट फुगतं. अशा वेळी थांबू नका.

१७. नवीन सरीसृप आणल्यावर कोणती तपासणी करावी?

६० ते ९० दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, आणि त्याचं काम बाकीच्यांनंतर. या काळात एक-दोन आठवड्यांच्या अंतराने विष्ठेचे तीन नमुने द्या, कारण अंडी रोज पडत नाहीत. नमुना ताजा हवा. पांढरा युरेटचा, म्हणजे लघवीचा, भाग बाजूला करून तपकिरी भाग हवाबंद डबीत घ्या. लगेच नेता येत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक दिवस चालतो, गोठवू मात्र नका. प्रयोगशाळेला तीन चाचण्या सांगा: एकपेशीय जीवांसाठी सलाइनमधला थेट थेंब, गोलकृमींसाठी तरंगती चाचणी, आणि यकृतकृमी व जिभकृमींसाठी गाळाची चाचणी. जंगलातून पकडलेल्या प्राण्यांत परजीवी जास्त आणि विविध असतात.

१८. कुत्र्याचं जंताचं औषध कासवाला चालेल का?

आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही देऊ नका, त्याने कासवं मरतात. फेनबेंडाझोल चालतं, पण वजन अंदाजाने धरून मात्रा दिली तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो. कुत्र्याचं गोचीड-औषध सरड्याला चोळू नका. काही सूतकृमी कासवाच्या आतड्यात असणं नैसर्गिक आहे, आणि निरोगी प्राण्यातला प्रत्येक कृमी मारायचा हट्ट धरू नये.

१९. सापाच्या पिंजऱ्याशी काम केल्यावर अंगावर खाजरे फोड येतात. कशाने?

बहुधा सापमाइट. काळ्या खसखशीएवढे हे किडे खवल्यांच्या आणि डोळ्यांच्या कडेला बसतात आणि माणसालाही चावतात. ते माणसावर घर करत नाहीत. साप आणि पिंजरा यांवर उपचार झाला की फोड जातात.

२०. डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

काय खाल्लं, कच्चं की शिजलेलं, कुठल्या तारखेला, आणि सोबत कोण होतं. तारखेला फार महत्त्व आहे: ट्रायकिनेलात पोट बिघडणं एक-दोन दिवसांत, तर पापण्यांची सूज, ताप आणि स्नायूदुखी साधारण दोन ते आठ आठवड्यांत. बाकीचा अवधी प्रश्न ८ मध्ये आहे. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले असतील आणि डॉक्टरांनी सरीसृपांबद्दल विचारलं नसेल, तर तुम्ही आपणहून सांगा. दूषित मांसाचा तुकडा उरला असेल तर पिशवीत बंद करून सोबत न्या. मनाने जंताची एक गोळी घेऊन थांबू नका. मेंदूत किंवा डोळ्यात अळी असेल तर तिच्या मरण्यानेही सूज वाढते, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हाताळावी लागते.

२१. रस्त्यावर मेलेला साप किंवा घोरपड उचलायची, तपासायची असेल तर?

नायट्रिल हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला. फुप्फुसं उघडताना शिंतोडे उडतात, म्हणून कात्री हळू चालवा आणि तोंड बाजूला ठेवा. जिभकृमी दिसला तर ओढू नका. तो आकड्यांनी घट्ट रुतलेला असतो आणि तुटला की ओळखीला लागणारं डोकं आत राहतं, म्हणून भोवतालचं ऊतक कापून अख्खा काढा. कातडीखालची पांढरी अळीही अशीच पूर्ण उचला. दोन्ही ७० टक्के अल्कोहोलमध्ये, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा, आणि पेन्सिलीने प्राण्याची जात, अवयव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाका. शाईने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसली जाते. उरलेलं शव कुत्र्या-मांजरांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा.